अंगाला फुटलेलं सोनं

माझ्या मुलीच्या रक्तातून जे काढतात ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला, खोटं कशाला सांगू, भूक लागली होती. मांडव्याहून मुंबईची सकाळची पहिली बोट पकडलेली, पोटात चहाशिवाय काही नाही, आणि समोर यंत्राला लटकवलेल्या पिशवीत दाटसर पिवळं काहीतरी हळूहळू साठत होतं. थेट हळद घातलेल्या नारळाच्या दुधासारखं. मी नर्सबाईंना म्हटलंही, "ह्यात चार कोलंब्या सोडल्या की झालं." नर्सबाई हसल्या नाहीत. मुलगी मात्र हसली, हसताना तिचा हात हलला, सुई सरकली आणि यंत्र बोंबलायला लागलं. तेव्हापासून मला यंत्रापासून लांब, भिंतीकडच्या स्टुलावर बसवतात आणि विनोद करायला मनाई आहे.

दर पंधरा दिवसांनी आम्ही तिथे जातो. एका सुईतून तिचं रक्त बाहेर येतं, यंत्रात तांबडं एकीकडे आणि पिवळं पाणी एकीकडे होतं, ते पाणी एका नळकांड्यातून गाळलं जातं, कोलेस्टेरॉल तिथे अडकून त्या पिशवीत उतरतं आणि बाकीचं सगळं दुसऱ्या सुईतून पुन्हा तिच्या अंगात जातं. अर्धा दिवस हे चालतं. संध्याकाळी तिचं रक्त तुमच्याआमच्यासारखं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा भरायला लागतं. होडीच्या तळाला भोक असलं आणि ते बुजवता येत नसलं की माणूस जसा डब्याने पाणी उपसत बसतो, तसं. डॉक्टरीणबाईंनी फार सोपं करून सांगितलं होतं: कोलेस्टेरॉल रक्तातून उचलून घ्यायला यकृताला हात असतात, हिच्या यकृताला ते हातच नाहीत. गोळ्या देतात, पण गोळ्या त्या हातांना जोर देतात म्हणे. हातच नसतील तर जोर कुणाला देणार?

आता हे हात कुठे गेले, ते सांगायला मला आईच्या माहेरी जावं लागेल.

आई मिठागरवाल्यांची. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांत, नाकाच्या बाजूला, चण्याच्या डाळीएवढे पिवळे फुगीर डाग आहेत. तिच्या बापाला होते, भावाला होते. कुणाला कोपरावर, कुणाला टाचेमागच्या शिरेवर पिवळसर गाठी. तिच्या माहेरी ह्याला 'अंगाला सोनं फुटणं' म्हणतात. जन्मभर मीठ ओढलेली माणसं. सोनं अंगावर चढायची ऐपत नव्हती, तेव्हा ते अंगातूनच वर आलं, अशी समजूत. ज्याला सोनं फुटलं त्याच्यावर देवीची नजर. आणि नजर असायचीच म्हणा, कारण ही सोन्याची माणसं, विशेषतः पुरुष, ऐन चाळिशीत उभ्या उभ्या जायची. माझे मामा बांधावर फावडं टेकवून उभे होते ते तसेच खाली बसले आणि संपले. त्यांच्या दिवसांना आलेली म्हातारी माणसं म्हणत होती, काय पुण्याईचा मरण, अंथरून न्हाय का औषद न्हाय. मी तेव्हा कॉलेजात होतो, तेही विज्ञान शाखेत, आणि मीही सगळ्यांबरोबर मान डोलावली. जीवशास्त्रात मी काठावर पास झालो होतो, हेही सांगून टाकतो.

ह्याच मामांची मुलगी माझी बायको. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क. हक्क म्हणजे एस.टी.च्या खिडकीतून सीटवर टाकलेल्या रुमालासारखा; एकदा टाकला की कुणी उचलत नाही. माझ्या नावाचा रुमाल आईने मी चड्डीत असतानाच टाकून ठेवला होता. पुढे मामांची मुलगी मोठी झाली, तिच्याही डोळ्याच्या कोपऱ्यात बारीकशी पिवळी टिकली उमटली, तशी आई म्हणाली, "सोना घरातल्या घरात ऱ्हायला पायजे." मला स्वतःला डाग नाही, गाठ नाही. मला नुसतं टक्कल पडलं. पण आतून मीही त्याच खाणीतला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आम्हाला आधी मुलगा झाला. त्याला काही नव्हतं, आई जरा हिरमुसलीच. मग मुलगी. ती बालवाडीत असतानाच तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, बोटांच्या पेरांवर पिवळ्या गाठी आल्या. एवढं सोनं आणि एवढ्या लवकर कुणालाच फुटलं नव्हतं. आम्ही काय केलं? देवीची ओटी भरली आणि आळीत पेढे वाटले. त्या दिवशीचा फोटो आहे. मुलगी नव्या परकर-पोलक्यात उभी आहे, आईने तिचा हात धरून कोपर मुद्दाम कॅमेऱ्याकडे वळवलंय आणि मागे मी पेढ्यांचा खोका घेऊन दात काढतोय.

ती आठवीत असताना श्रावणी सोमवारी आम्ही सगळे कनकेश्वराला गेलो. पायऱ्या चढता चढता ती मधेच बसली. मी वरून ओरडलो, "काय गं म्हातारे, आजी पुढे गेली बघ!" ती छातीवर हात धरून बसली होती. ओठ पांढरे झाले होते.

अलिबागच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, आकडा बघून पुन्हा तपासलं, आणि चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी तिची कोपरं पाहिली, गुडघे पाहिले, मग आमच्या दोघांच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "नात्यातलं लग्न आहे का?"

मी छाती पुढे काढून सांगितलं, "सख्ख्या मामाची मुलगी आहे, मॅडम."

आमच्याकडे हे असंच सांगतात. मान असतो त्याला. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग चिठ्ठीच्या पाठीवर दोन गोल काढले, त्यांच्यातून दोन रेघा खाली आणून एका गोलात सोडल्या. एक दोष बापाकडून, एक आईकडून. एक असला तर माणूस चाळिशीपर्यंत हिंडतो-फिरतो. दोन्ही आले की असं. बायकोने विचारलं, "खाण्यातून आलं का हो? आमच्यात नारळ फार असतो." बाई म्हणाल्या, "नारळाचा काही दोष नाही." मग उरलं कोण, ते त्यांनी आम्हाला तोंडाने सांगितलं नाही.

हृदयाच्या झडपेशीही ते पिवळं साचलं होतं. झडप कधी ना कधी बदलावी लागेल, आणि तोवर रक्त गाळत राहायचं. जितकं नेमाने गाळू तितकी वर्षं पुढे. हातातल्या शिरा दर खेपेला सुया कशा सोसणार, म्हणून डाव्या हाताच्या दोन नसा आतून जोडून एक जाडी नस तयार केली. तिच्यावर बोट ठेवलं की आत भुंगा अडकल्यासारखं गुरगुरतं. त्या हातात बांगडी भरायची नाही, त्या हाताने हंडा उचलायचा नाही.

आईला हे सगळं समजावणं माझ्याकडे आलं, कारण घरात गोष्टी सांगणारा म्हणून मी प्रसिद्ध. लग्न असो, बारसं असो, माणसं माझ्याभोवती कोंडाळं करतात. मी आईला तासभर समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नवस बोलली: "पोरीचा रगत साफ होईस्तवर घरान म्हावरा नाय." समुद्रकाठी थळमध्ये घर, दाराशी कोळीण पाटी उतरवते, आणि घरात मासा नाही! आम्ही मेथीची भाजी आणि डाळ खात होतो आणि शेजाऱ्यांच्या ओट्यावरून येणारा सुक्या बोंबलांचा वास हुंगत होतो. दर खेपेला परत आलो की आई विचारायची, "झाला का साफ?" मी म्हणायचो, "आज झालं." "मंग?" "पुन्हा भरणार." शेवटी तिनेच तोड काढली. यंत्रावरून आल्यावर दोन दिवस रक्त साफ, म्हणजे दोन दिवस नवस फिटला. ते दोन दिवस म्हावरा. मग पुन्हा नवस. देवीला हे मान्य आहे की नाही ठाऊक नाही, पण कोळिणीने ते वेळापत्रक पाठ केलं. ती आमच्या दाराशी बरोबर त्याच दोन दिवशी पापलेट घेऊन यायला लागली.

अशी वर्षं गेली. मुलगी एकोणीस वर्षांची झाली, घरातूनच अभ्यास करून परीक्षा देऊ लागली. मुलगा उरणकडे बंदरावर नोकरीला लागला. त्याचंही रक्त तपासून घेतलं होतं. त्याच्यात एक दोष निघाला, माझा किंवा त्याच्या आईचा. तो गोळी घेतो. एकाला गोळी पुरते.

आणि मग त्याच्या लग्नाचं निघालं.

त्याच्याही नावाचा रुमाल टाकलेला होता. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, पेणच्या बाजूला खारेपाटात राहतो, त्याचे ट्रक आहेत. त्याला एकच मुलगी, आमची भाची. आईने आणि त्याने दोन्ही पोरं लहान असतानाच ठरवून टाकलेलं. वाईट म्हणजे पोरांनाही ते आवडत होतं. भाची आली की मुलगा विनाकारण घरात घुटमळायचा, आपले शर्ट स्वतः इस्त्री करायचा. भाची गोड मुलगी, हसली की डोळे बारीक होतात. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात काही आहे का, ते मी इतक्या वेळा चोरून पाहिलं की एकदा तिने विचारलं, "काका, माझ्या चेहऱ्याला काय लागलंय?"

तिच्या बापाच्या डोळ्यांना डाग होते. त्याच्या छातीत एकदा दुखून गेलं होतं, ते त्याने गॅसेस म्हणून सोड्यावर काढलं. तिच्यात दोष असण्याची शक्यता अर्धी. असला, आणि हे लग्न झालं, तर आमच्या घरात दुसरं असं मूल येऊ शकत होतं. हे मला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं, मुलाला ठाऊक होतं. फक्त तोंडाने कुणाला म्हणता येत नव्हतं. कारण म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? आमच्या मुलीसारखं मूल नको. आणि ती तर तिथेच, दारात बसून तांदूळ निवडत असायची.

मी आडवळणाने प्रयत्न केले. मुलाला आधी बढती मिळू दे, म्हटलं. घराची वरची खोली होऊ दे, म्हटलं. शेवटी गुरुजींकडे गेलो आणि दोघांच्या पत्रिका पुढे ठेवून हळूच सुचवलं की जुळल्या नाहीत तरी माझी हरकत नाही. गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उत्तम जुळतात. आणि मामाच्या मुलीला पत्रिका कोण बघतं हो?"

बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते भावाला."

"सांग."

ती फोन घेऊन परसात गेली. बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा डोळे पुसत होती. "काय म्हणाला?" "मी सांगितलंच नाही. वहिनीच्या गुडघ्याचं विचारत होते."

पुढच्या खेपेला यंत्र सुरू झाल्यावर मुलगी मला म्हणाली, "पप्पा, गुरुजींकडे गेला होतात ना?"

"कुणी सांगितलं?"

"गुरुजींनीच. आजीला फोन केला. म्हणाले, तुमचा मुलगा पत्रिका बिघडवून मागतोय, तब्येत बरी आहे ना त्याची?"

मी स्टुलावर चुळबुळ केली. ती यंत्राकडे बघत होती. "मामाला सरळ सांगा ना. तिला तपासून घ्या म्हणावं. आमच्या पोरीसारखं पोर नको."

"असं कोण म्हणतंय?"

"कुणीच म्हणत नाही. मी खोलीत आले की सगळे पाऊसपाण्यावर बोलायला लागता. परवा तर आई आणि दादा भर उन्हाळ्यात पावसावर बोलत होते."

मी हसलो. ती हसली नाही. हात हलेल म्हणून नसेल हसली, असं मी माझ्यापुरतं ठरवलं.

"पप्पा, तुम्हाला आधी माहीत असतं तर आईशी लग्न केलं असतंत?"

ह्याच्यावर मला निदान चार विनोद सुचले. त्यातला एक मी सुरूही केला, "तुझ्या आईबद्दल आधी बरंच काही माहीत असतं तर..." आणि थांबलो. ती वाट बघत होती. तिला खरं उत्तर हवं होतं, आणि तिच्याशी मी कधी खोटं बोललो नव्हतो, निदान मोठ्या गोष्टींत नाही.

"नसतं केलं," मी म्हणालो.

"बरं."

थोड्या वेळाने तिने नर्सबाईंना हाक मारली. "सिस्टर, ओठांना मुंग्या आल्यात." तसं होतं कधी कधी, रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्याने अंगातलं कॅल्शियम उतरतं. सिस्टरने औषध दिलं, यंत्राचा वेग कमी केला. मुलगी डोळे मिटून पडून राहिली. बोटीत ती माझ्या शेजारी न बसता खिडकीपाशी बसली आणि पर्यटक समुद्रपक्ष्यांना वेफर्स टाकत होते ते बघत राहिली.

मेहुणा बोलणी पक्की करायला आला तो रविवार होता. बरोबर बायको होती, भाची होती, आणि गाडीच्या डिकीत बोकडाचं मटण. आईच्या वेळापत्रकात तो दिवस कोरडा होता, पण मटणाला नवसात नाव नव्हतं, म्हणून तिने लगेच वाटण काढलं.

"भावजी, आता लांबवू नका," मेहुणा म्हणाला. "दिवाळी झाली की बार उडवू. पोरगी काय परकी हाय का तुम्हाला?"

"परकी असती तर बरं होतं," मी म्हणालो. सगळे हसले. त्यांना वाटलं माझा नेहमीचा विनोद. मी घाईघाईने पुढचं वाक्य घुसवलं, "आपलं एक रक्त तेवढं तपासून घेऊ तिचं."

हसणं जागच्या जागी थांबलं. मेहुण्याने हातातला कप खाली ठेवला. "कशाला?"

"तसंच. डॉक्टरांनी सांगितलंय, घरातल्या सगळ्यांचं..."

"माझी पोरगी धडधाकट हाय. दोन जिने धावत चढते. तुमच्या पोराला तर हाय ना? गोळ्या खातो ना तो? तरी मी काय बोललो? माझी पोरगी देतोय. आन तुम्ही तिच्यात खोट काढता? उद्या तपासली म्हणून गावात झालं तर दुसरा कोण करील तिला?"

"खोट नाय ती," आई आतून ओरडली. "सोना हाय सोना! येडे झाले सगले!"

मुलगा खाली मान घालून बसला होता. बायको भावाकडे बघत होती आणि भाऊ तिच्याकडे बघत नव्हता. एरवी पन्नास माणसांना तास तास हसवत ठेवणारा मी, तोंड उघडं ठेवून टीव्हीवरच्या गणपतीकडे बघत होतो.

मुलगी स्वयंपाकघरातून आली. तिच्या मागे भाची होती, हाताला कणीक लागलेली. मुलीने पंजाबी ड्रेसची डावी बाही वर सरकवली, भाचीचा हात धरला आणि आपल्या हातावर, त्या जाड नसेवर ठेवला.

"दाबू नको. नुसता ठेव."

भाचीने दचकून हात मागे घेतला, मग पुन्हा ठेवला. "काय आहे गं हे? आत काहीतरी गुरगुरतंय."

"ह्या हातावर डोकं ठेवून झोपलं की कानात ऐकू येतं. सवय होते. तुझं न् दादाचं पोर असं होईलही, नाहीही होणार. तपासलंस की कळेल तरी."

"तू मधी बोलू नको पोरी," मेहुणा म्हणाला. आवाज मात्र उतरला होता. बहिणीच्या ह्या मुलीला त्याने खांद्यावर घेऊन जत्रा दाखवल्या होत्या.

"मामा, मलाच बोलावं लागेल. बाकी कुणाला माझ्यासमोर बोलता येत नाहीये."

मेहुणा उठला. मटण चुलीवर तसंच राहिलं. जाताना त्याने आईच्या पायांना हात लावला, बहिणीकडे पाहिलं नाही आणि मला म्हणाला, "भावजी, तुम्ही घरातलं घरात ठेवायचं सोडून पोरीकडून बोलवून घेतलंत." हे त्याचं म्हणणं चुकीचं होतं, पण अगदीच चुकीचं नव्हतं.

पुढच्या खेपेला आम्ही जेट्टीवर पोचलो तर मुलगा आधीच बाइक लावून उभा होता, आणि त्याच्या शेजारी भाची. घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून आली होती. भाचीने इस्पितळात रक्त दिलं. सुई टोचताना तिने तोंड फिरवलं आणि समोर माझ्या मुलीला दोन जाड्या सुया लावून बसवत होते ते तिला दिसलं. मग ती तिच्या खुर्चीपाशीच बसून राहिली, पिशवी भरेपर्यंत. मी स्टुलावरून बघत होतो. मुलगी तिला सगळं दाखवत होती, हे रक्त, हे पाणी, हे परत जातं. शाळेतली मुलगी पाहुण्यांना विज्ञान प्रदर्शन दाखवते तशी.

निकाल त्याच्या पुढच्या खेपेला मिळाला. आम्ही चौघंही पुन्हा गेलो. डॉक्टरीणबाईंनी मुलाला आणि भाचीला आत बोलावलं आणि मलाही. भाचीत एक दोष होता. मुलात एक होताच. प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता, बाईंनी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "लग्न करूच नका असं मी म्हणत नाही. गर्भात तपासता येतं. लवकर कळतं. मग काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं."

दाराशी मुलगी उभी होती. तिचं गाळणं संपलं होतं, हाताला चिकटपट्ट्या लावलेल्या. ती केव्हा आली कुणाला कळलं नाही.

"काय ठरवायचं, मॅडम?" तिने विचारलं.

बाई तिला लहानपणापासून ओळखत होत्या. "ठेवायचं की नाही, ते," त्या म्हणाल्या.

"हां," मुलगी म्हणाली, आणि ओढणी नीट केली.

परतीच्या बोटीत मुलगा बाहेर कठड्याला जाऊन उभा राहिला. भाची माझ्या मुलीशेजारी बसली होती. इंजिनाचा आवाज मोठा, तरी मी मागच्या बाकावर असल्यामुळे मला ऐकू आलं. भाची रडत होती.

"मला नाही जमणार गं. नको म्हणायचं तर तुझ्याकडे बघून म्हणावं लागेल. आणि हवं म्हणायचं तरी तुझ्याकडेच बघून म्हणावं लागेल. मी कशी राहू त्या घरात?"

"रडू नको," मुलगी म्हणाली. "दादाला सांगितलंस?"

"त्याला कळलंय."

"मग झालं. नाक पूस. तुझं नाक लाल झालं की तू अगदी मामासारखी दिसतेस."

भाची हसली आणि पुन्हा रडली. मुलीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, उजवा हात. डावा तिने मांडीवर जपून ठेवला होता.

मांडव्याला उतरल्यावर भाची आमच्या पाया पडली आणि पेणकडच्या गाडीला घाईघाईने निघून गेली. तिचं पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे लग्न झालं. आम्हाला पत्रिका आली; मेहुणा स्वतः आला नाही, ड्रायव्हरच्या हाती पाठवली. तिच्या नवऱ्याकडे कुणाच्या डोळ्यांना डाग नाहीत, असं बायकोने कुणाकुणाकडून काढून घेतलं आणि मग दोन दिवस ती जरा बरी जेवली.

पण त्या संध्याकाळी जेट्टीवर आम्ही तिघंच उरलो होतो. मांडव्याची जेट्टी लांब आहे. मुलगा आपला झपाझप पुढे गेला. मुलगी माझ्याबरोबर चालत होती, मधे थांबून श्वास घेत होती. लोक बॅगा ओढत आमच्या बाजूने जात होते.

"पप्पा," ती म्हणाली, "आज दादाला नकार नाही आला. मला आला."

"तसं नाही गं" म्हणण्याइतका निगरगट्ट मी नाही, आणि "हो" म्हणायला लागतं ते माझ्याकडे नाही. मी तिची पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मीच तपास म्हटलं," ती म्हणाली. "आणि बरोबरच केलं मी. पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन. पण मला वाटलं होतं मला बरं वाटेल."

मुलगा पुढे जाऊन थांबला होता. आम्ही येईपर्यंत त्याने वाट बघितली. त्याचे डोळे सुजले होते. त्याने माझ्याकडून पिशवी घेतली.

"राग आलाय ना?" मुलीने त्याला विचारलं.

"नाही."

"खोटं बोलू नको."

"आलाय."

"माझा?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पप्पांचा. आईचा. आजीचा. माहीत नाही कुणाचा."

"मग रांगेत उभा राहा," मुलगी म्हणाली. "माझा नंबर आधीचा आहे."

तो हसला नाही, पण त्याने बाइक वळवून तिच्यापुढे आणली आणि ती नीट बसेपर्यंत पाय टेकून धरून ठेवली. उजव्या हाताने तिने त्याचा खांदा पकडला. दोघं गेली. मी अलिबागच्या मिनीडोर रिक्षात जाऊन बसलो. आत दोनच माणसं होती, आणि मिनीडोर भरल्याशिवाय निघत नाही.